घरबसल्या बीएस्सी नर्सिंग: ड्यूटी करणाऱ्या सिस्टरने पदवी कुठून करावी?

प्रश्न असा आला आहे: "मी चिंचवडला एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. बारावी आर्ट्स, २०१७ ला जीएनएम, रजिस्ट्रेशन त्याच वर्षीचं. पगार २६ हजार, मुलगा चार वर्षांचा. नोकरी न सोडता ऑनलाइन बीएस्सी नर्सिंग करायचं आहे. एकाने ८५ हजारांत, एका वर्षात, हजेरीशिवाय करून देतो म्हणून सांगितलं. मी पाच हजार भरून सीट बुक केली. माझी नणंद टेक्सासला नर्स आहे, तिने घरी बसून डिग्री पूर्ण केली. मग आपल्याकडे स्वस्तात चांगलं कुठलं?"

सिस्टर, उरलेले ८० हजार देऊ नका. पाच हजारांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

मी स्वतः जीएनएमच, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली. अकरा वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली, नोकरी करत इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची बीएस्सी) केलं, मग एमएस्सी, आणि आता सतरा वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तुमच्यासारखा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा एजंटला पैसे दिल्यावर येतो.

आपल्याकडे संपूर्ण ऑनलाइन होणारी, नोंदणीला चालणारी नर्सिंगची पदवी अस्तित्वातच नाही. महाग नाही, दुर्मिळ नाही, नाहीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत काही शाखा ऑनलाइन शिकवायला मनाई आहे. वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, इंजिनिअरिंग, आणि त्यातच नर्सिंग. दुसरीकडे भारतीय परिचर्या परिषदेचा नियम: थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत प्रत्येक विषयाला ८० टक्के हजेरी असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरून निघावी लागते. म्हणजे "हजेरी नाही, फक्त परीक्षेला या" असं कुणी म्हणालं की समजायचं, हा माणूस नियम मोडायचे पैसे मागतो आहे. आणि मोडलेल्या नियमाचा भुर्दंड त्याच्यावर नाही, तुमच्या नोंदणीवर बसतो.

"एका वर्षात" हा शब्द तर स्वतःच पुरावा आहे. जीएनएमनंतरचं पोस्ट बेसिक बीएस्सी रेग्युलर केलं तर दोन वर्षांचं आहे. थेट बारावीनंतरचं बेसिक बीएस्सी चार वर्षांचं. एका वर्षाची बीएस्सी नर्सिंग निघते ती मागच्या तारखेच्या मार्कशीटमधून. मागची तारीख म्हणजे कागदावर तुम्ही अशा एका शहरात रेग्युलर विद्यार्थिनी होतात, जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलेलं नाही, आणि त्याच महिन्यांत चिंचवडला तुमचा पीएफ कापला जात होता. हे दोन कागद कुणी शेजारी ठेवले की झालं.

कोण ठेवणार? गल्फला जायचं ठरलं तर डेटाफ्लो ठेवेल. ही तपासणी कंपनी तुमची मार्कशीट तुमच्याकडून घेऊन गप्प बसत नाही, थेट विद्यापीठाला विचारते. इथे राहिलात तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत वाढीव पात्रता नोंदवायला जाल तेव्हा. आणि ज्या बढतीसाठी हा खटाटोप, ती बढती देणारं हॉस्पिटलही आता मूळ विद्यापीठाकडून खातरजमा करून घेतं.

एजंटने नाशिकच्या विद्यापीठाचं नाव घेतलं म्हणूनही विश्वास ठेवू नका. नाशिकमध्ये दोन विद्यापीठं आहेत आणि एजंट लोक त्यांची बेमालूम सरमिसळ करतात. एक महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिंडोरी रोडचं, १९९८ चं. नर्सिंगची कॉलेजं याला संलग्न असतात. दुसरं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ चं. काम करत शिकणाऱ्या लाखो लोकांचा तो आधार आहे, पण पोस्ट बेसिक नर्सिंगची पदवी तिथून घ्यायची नसते. "नाशिकच्या विद्यापीठाची डिग्री" एवढंच ऐकून कुणी पैसे मागितले तर कुठलं नाशिक, हे विचारा.

मग नणंदेचं कसं जमलं? तिने काही वशिला लावलेला नाही. तिकडची रचनाच वेगळी आहे. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी एनक्लेक्स ही एकच परीक्षा. ती दोन वर्षांची असोसिएट डिग्री केलेली मुलगीही देते, डिप्लोमावालीही देते आणि चार वर्षांची पदवीवालीही. एकदा लायसन्स मिळालं की बेडसाइडचं कौशल्य तपासून झालं असं धरतात. पुढे पदवी पुरी करायला जे उरतं ते म्हणजे सामुदायिक आरोग्य, नेतृत्व, संशोधन, संख्याशास्त्र. हे घरी बसून शिकता येतं, आणि थोडंफार प्रॅक्टिकम लागतं ते राहत्या गावातच करतात. म्हणून तिकडे आरएन-टू-बीएसएन (रजिस्टर्ड नर्सला पदवीपर्यंत नेणारे) नावाचे ऑनलाइन कोर्स रग्गड आहेत आणि ते खरे आहेत.

नणंदेची कोणी मैत्रीण इथून जीएनएमवर तिकडे गेली असेल आणि तिला हे करायचं असेल, तर तिला एवढं कळवा. कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता हवी, ती नसेल तर पुढे मास्टर्सला अडतं. पदवी साधारण १२० क्रेडिटची असते; क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक. आपल्या जीएनएमची किती क्रेडिट धरणार हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय एक डॉलरही भरू नये, कारण परदेशी डिप्लोमा जसाच्या तसा सगळे धरत नाहीत, आणि स्वस्त वाटलेला कोर्स तिथेच महाग होतो. काही ठिकाणी क्रेडिटमागे फी असते. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी सहा महिन्यांच्या टर्मची ठोक फी असते, त्या टर्ममध्ये जमतील तेवढे विषय उरका. नाइटच्या नोकरीत ज्यांना सलग चार दिवस ऑफ मिळतो त्यांना ठोक फी परवडते. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांचं क्रेडिटवालं बरं, कारण टर्म वाया जात नाही. आणि सगळ्यात आधी हॉस्पिटलला विचारावं: मालकाने शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिलेल्या पैशांवर तिकडे कर्मचाऱ्याला कर लागत नाही, म्हणून बरीच हॉस्पिटलं तेवढी रक्कम देतात. न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नव्या नर्सना लायसन्सनंतर दहा वर्षांत पदवी करणं भाग आहे, त्यामुळे तिथे हा सगळा बाजार जोरात आहे.

बाजार म्हटला की भामटेही आले. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या काही नर्सिंग स्कूलांनी ७,६०० हून जास्त खोटी प्रमाणपत्रं विकल्याचं अमेरिकन सरकारने उघड केलं. म्हणजे ८५ हजारांचा तुमचा एजंट काही नवीन शोध लावून बसलेला नाही.

आता आपल्याकडचं.

नोकरी न सोडता जमणारा खरा रस्ता माझ्या माहितीत एकच, इग्नूचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. भारतीय परिचर्या परिषदेच्या सहकार्याने आखलेला हा कोर्स १९९४ पासून चालत आला आहे. तो दूरस्थ आहे, ऑनलाइन नाही. हा फरक मुलींना पटायला वेळ लागतो, म्हणून जरा जवळून सांगते.

थिअरी घरी. इग्नूची पुस्तकं 'ब्लॉक'मध्ये येतात, पातळ पातळ, आणि सगळी इंग्रजीत. माझे ब्लॉक मी ड्रग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. रात्री दोनचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) मोजून झाले, आयव्ही बदलून झाल्या, की चारपर्यंत जेमतेम दोन पानं व्हायची. असाइनमेंट हाताने लिहायच्या. हे सगळं कुणीही करेल. पण प्रॅक्टिकलला ठरलेल्या अभ्यास केंद्रावर, म्हणजे एखाद्या नर्सिंग कॉलेजात आणि त्याच्या हॉस्पिटलात, स्वतः जावं लागतं. तिथे वॉर्ड पोस्टिंग, कम्युनिटी पोस्टिंग, केस स्टडी, सगळं होतं, आणि प्रत्येक गोष्ट लॉगबुकात सहीनिशी.

माझ्या लॉगबुकाची एक गोष्ट. मेडिसिनमध्ये दहा वर्षं झालेली, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला कोण काय शिकवणार. एका मधुमेहाच्या आजींच्या केसमध्ये मी लिहिलं, 'रुग्णाला आहाराबद्दल समजावले.' मॅडमनी त्यावर लाल पेनाने विचारलं, 'काय समजावले? आजींनी परत काय सांगितले?' मी परत गेले. आजींनी सांगितलं की साखर बंद केली आहे, चहात आता फक्त गूळ घालते. त्या दिवशी मला कळलं की दहा वर्षं मी फक्त 'समजावले' लिहीत होते. कम्युनिटी पोस्टिंगमध्ये तर लहान मुलाच्या दंडाचा घेर मोजून वाढीचा तक्ता भरायला दिला तेव्हा हात थरथरला; जीएनएमनंतर कधी केलंच नव्हतं. हे पडद्यावर बघून येत नाही. परिषद हजेरीचा आग्रह धरते तो उगाच नाही, असं मला तेव्हापासून वाटतं. असो.

इग्नूची पात्रता तुमच्यापुरती सांगते. बारावी पास, तीन वर्षांचं जीएनएम, आणि नोंदणीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव. फक्त दहावीवर जीएनएम झालेल्या जुन्या सिस्टरांना अनुभव पाच वर्षांचा लागतो. बारावी आर्ट्स असल्याने अडत नाही. अडलं असतं ते बेसिक बीएस्सीला, तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. अनुभव मोजला जातो तो नोंदणीच्या तारखेपासून, जीएनएमच्या निकालापासून नाही. दर वर्षी कुणीतरी निकालानंतरचे, रजिस्ट्रेशन हातात नसतानाचे महिने त्यात धरतं आणि अर्ज बाद होतो. तुमचं रजिस्ट्रेशन २०१७ चं, तेव्हा तुम्हाला काळजी नाही. मात्र नूतनीकरण झालेलं आहे ना, ते आज घरी गेल्यावर बघा. कार्ड कपाटात आणि मुदत संपलेली, हे आपल्या व्यवसायात फार होतं.

ब्रदर लोकांसाठी, म्हणजे पुरुष नर्ससाठी, एक आडवळण: जीएनएममध्ये मिडवायफरी (बाळंतपणाचं शिक्षण) केलेली नसेल, तर त्याऐवजी परिषदेने ठरवलेल्या नर्सिंगच्या सहा ते नऊ महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र इग्नूला लागतं. ते नाही म्हणून अर्ज परत आलेला एक ब्रदर माझ्या ओळखीचा आहे. त्याने तोवर गाईड विकत घेऊन तीन महिने अभ्यास केला होता.

इग्नूत प्रवेश मिळतो तो परीक्षा देऊन. महाराष्ट्रात इग्नूची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत, पण प्रादेशिक केंद्र आणि नर्सिंगचं अभ्यास केंद्र ही वेगळी गोष्ट. प्रत्येक केंद्रावर जागा मोजक्या असतात. फॉर्म भरायच्या आधी पुण्याच्या कार्यालयात जाऊन विचारा: या वर्षी नर्सिंगचे प्रवेश चालू आहेत ना, केंद्र कुठल्या कॉलेजात आहे, आणि प्रॅक्टिकल सलग होतं की तुकड्यातुकड्यांनी. चिंचवडहून रोज जाण्यासारखं असेल तर तुमचा खर्च वेगळा, आणि दुसऱ्या गावात राहून करावं लागलं तर वेगळा. इग्नूच्या फीचा आकडा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तो त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, तिथेच बघा. माझ्या जुन्या आकड्यावर बजेट मांडू नका. कोर्स किमान तीन वर्षांचा.

दुसरा रस्ता रेग्युलर, दोन वर्षं, आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजात. यात नोकरी सोडावी लागते, किंवा सरकारी सेवेत असाल तर विभागाची परवानगी काढून जावं लागतं. "नोकरी चालू ठेवा, हजेरी आम्ही बघतो" म्हणणारी कॉलेजंही भेटतील. एका ठिकाणी मला शिकवायला बोलावलं होतं, तिथे मस्टरवर चाळीस नावं आणि वर्गात सात मुली. मी दुसऱ्या महिन्यात सोडलं. त्या तेहेतीस जणींचं पुढे काय झालं माहीत नाही, पण तपासणी आली की पहिली गोची त्यांची होते, संस्थेची नाही.

रेग्युलरची फी ऐकून लोक घाबरतात, पण इथे एक गोष्ट बऱ्याच सिस्टरांना ठाऊक नसते. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी ५० वरून १०० टक्के केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी यांपैकी प्रवर्ग हवा, आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट किंवा संस्था स्तरावरच्या जागेला हे लागू नाही. एससी, एसटीच्या सवलती वेगळ्या आहेत, त्या आधीपासूनच आहेत. तुमचं कॉलेज आणि पोस्ट बेसिकचा तुमचा कोर्स महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर या योजनेखाली दिसतो का, हे प्रवेश घेण्याआधी बघायचं. कॉलेजच्या क्लार्कच्या तोंडी भरवशावर नाही. खासगी कॉलेजची फी किती असावी हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि जाहीर करतं. त्याच्यावर कुणी 'डेव्हलपमेंट'च्या नावाने रोख मागितलं तर ती देणगी आहे, आणि आपल्या राज्यात देणगीला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

म्हणजे फीच बघायची तर रेग्युलर कोर्स तुम्हाला कदाचित सगळ्यांत स्वस्त पडेल. पण तुमचा खर्च फी नाहीच आहे, बुडणारा पगार आहे. कागद घ्या.

२६ हजार गुणिले २४ महिने, म्हणजे ६ लाख २४ हजार. नोकरी सोडून रेग्युलर केलं तर एवढे बुडाले. फी शून्य धरली तरी. आता इग्नू: समजा प्रॅक्टिकल आणि परीक्षांसाठी वर्षाला ४० दिवस बिनपगारी रजा पडली. दिवसाचे साधारण ८६७ रुपये, तीन वर्षांत सुमारे १ लाख ४ हजार. त्यावर फी, प्रवास, झेरॉक्स. मुलाला सांभाळायला आई किंवा सासूबाई नसतील तर पाळणाघराचे पैसे वेगळे, आणि ते यात धरायला कुणी तयार नसतं.

आणि मिळणार किती? हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते आणि बहुतेकींनी तो हॉस्पिटलला विचारलेलाच नसतो. एचआरला लेखी विचारा, पोस्ट बेसिक झाल्यावर माझा ग्रेड आणि पगार किती होईल. समजा ते म्हणाले, महिन्याला दोन हजार वाढतील. तर ६ लाख २४ हजार भरून निघायला ३१२ महिने लागतील, म्हणजे २६ वर्षं. इग्नूच्या रजेचे १ लाख ४ हजार ५२ महिन्यांत निघतात. याच गणितावर मी खासगीतल्या, घर चालवणाऱ्या सिस्टरला नोकरी सोडून रेग्युलर करायला सहसा सांगत नाही. घरचा पगार भक्कम असेल आणि शिकवण्याकडे वळायचं असेल तर गोष्ट निराळी.

कशासाठी पदवी हवी आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे.

सरकारी नोकरी हवी म्हणून करत असाल तर थांबा. राज्यातल्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला जीएनएमही चालतं. रेल्वेलाही चालतं. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेला पदवीधरांबरोबर जीएनएमवाल्याही बसू शकतात, फक्त किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, जो तुमच्याकडे बहुधा आहे. तिथे वयाची अट ३० आहे, ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सूट. २०१७ ला जीएनएम म्हणजे तुमची वयाची मर्यादा अगदी दारात आलेली असणार, किंवा ओलांडली असणार. सूट धरून अजून आत असाल तर डिग्रीच्या आधी ती परीक्षा द्या. डिग्री चाळिशीतही होते.

वॉर्डातून बाहेर पडून पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, व्हायचं, पुढे एमएस्सी करायचं, तर मात्र पदवीला पर्याय नाही. तेव्हा मार्कांकडे पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवा. एमएस्सी नर्सिंगला पदवीत ५५ टक्के लागतात, आणि नोकरी करत 'पास झालं तरी पुरे' म्हणणाऱ्या हुशार सिस्टर ५२, ५३ टक्क्यांवर अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातली एक माझी बॅचमेट. आजही ती माझ्याहून चांगली नर्स आहे आणि आजही ती एमएस्सी करू शकत नाही.

सौदीला जायचं असेल तर पदवीने खरा फरक पडतो, कारण तिथे डिप्लोमावाल्यांना टेक्निशियन आणि पदवीवाल्यांना स्पेशालिस्ट अशा वेगळ्या वर्गात घालतात. जर्मनीला जायचं असेल तर उलट. तिकडचं नर्सिंगच मुळात तीन वर्षांच्या प्रशिक्षणावर उभं आहे, तेव्हा तुमचा वेळ आणि पैसा जर्मन भाषेच्या बी-टू परीक्षेवर घाला, डिग्री नंतर बघू. अमेरिकेला जायचं तर नणंदेला विचारा. जीएनएमवर एनक्लेक्स देऊन गेलेल्या आपल्या मुली आहेत, आणि पदवी तिकडे हॉस्पिटलच्या पैशांनी झालेली बरी.

इंग्लंडच्या ऑनलाइन 'टॉप-अप' डिग्रीच्या, म्हणजे डिप्लोमावर पुढचं शिकून पदवी देणाऱ्या कोर्सच्या, जाहिराती हल्ली बऱ्याच दिसतात. ती विद्यापीठं खोटी नसतात. पण भारतात बसून, भारतातल्या नोकरीसाठी ती घेऊ नका. इथे तिचं काय होणार हे ते विद्यापीठ ठरवत नाही, आपली परिषद ठरवते.

आणखी एक वाट आहे. हॉस्पिटलच्या ऑफिसकडे, क्वालिटी किंवा इन्शुरन्स विभागाकडे वळायचं असेल, किंवा नुसती 'पदवीधर' ही अट पुरी करायची असेल, तर नर्सिंगमधलीच पदवी कशाला? बीए, बीबीए, बीकॉम ऑनलाइन रीतसर मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं आणि त्या विशिष्ट कोर्सचं, दोन्हींची नावं दिसायला हवीत, आणि प्रवेशाला त्याच विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो आयडी न मागणारा प्रवेश खरा नव्हे. या पदवीवर नर्सिंगची बढती मिळणार नाही, पण एका मेट्रन मॅडमनी अशीच बीए करून पुढे व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं, आणि आज त्या तीन हॉस्पिटलांचं नर्सिंग बघतात.

तुमच्या जागी मी असते तर पुण्याच्या इग्नू कार्यालयात एक ऑफ खर्च केला असता, एचआरचं उत्तर हातात घेतलं असतं, आणि केंद्र जवळ मिळालं तर इग्नू केलं असतं. मुलगा पहिलीत जायच्या आधी सुरू केलंत तर बरं. त्याचा अभ्यास सुरू झाला की तुमचा मागे पडतो.

आता पाच हजार. एजंटला फोन करू नका, व्हॉट्सॲपवर लिहून विचारा: विद्यापीठाचं पूर्ण नाव, कॉलेजचं नाव, आणि चालू शैक्षणिक वर्षासाठी परिचर्या परिषदेच्या यादीतलं त्या कॉलेजचं पोस्ट बेसिकचं स्थान. परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय, कोर्सनिहाय यादी असते, तुम्हालाही पडताळता येईल. तो बहुधा "फोनवर बोलू" म्हणेल. मग लिहा, प्रवेश रद्द, पैसे आलेल्या खात्यावरच परत करा. जाहिरातीचा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, एजंटने मेसेज डिलीट करायच्या आत. आठवड्यात परत आले नाहीत तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा. आणि जीएनएमची मूळ मार्कशीट त्याला दिली असेल तर पैशांच्या आधी ती मागून घ्या, स्वतः जाऊन, आणि भाऊ किंवा नवरा सोबत घेऊन.